सासूबाईंशी सराव

"कोण आहे?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"मी आहे, आई. दार उघडा."

"मी कोण?"

"अहो, मी. तुमची सून."

मग सासूबाई म्हणाल्या, "सून तर माझ्या शेजारी बसलीय."

बाहेर उभ्या सुनेला, म्हणजे परमुलखातून आलेल्यांना इथली भाषा शिकवणाऱ्या शिकवणीच्या बाईंना, आधी हसूच आलं. दिवसभर पंधरा जणांना बोलतं करून त्यांचा घसा बसला होता, पाय मोडून आले होते आणि इथे ही थट्टा. त्यांनी किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, पण दार हललं नाही. आतून कडी होती.

"तुम्ही बसा, आई," आतून कोणीतरी म्हणालं. "मी बघते कोण आहे ते."

आवाज बाईंचाच होता. आत्ताचा बसलेला नव्हे, सकाळच्या पहिल्या तासाला असतो तसा खणखणीत. आत कोण आहे ते बाईंना कळलं.

इस्त्रीवाली. तीन महिन्यांपूर्वी ती शिकवणीला आली तेव्हा तिला इथल्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. दुकानात कपड्यांना इस्त्री करायची, बोटं भाजून घ्यायची आणि नाव विचारलं तरी नुसती टकमक बघायची. बाईंची पद्धत साऱ्या गल्लीला ठाऊक होती. पुस्तक नाही, फळा नाही आणि नियम तर नाहीच नाही. "लेकरू काय व्याकरण वाचून आईला हाक मारतं?" असं म्हणत त्या शिष्यांना घेऊन सरळ भाजीबाजारात जायच्या, दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहायच्या. इस्त्रीवालीला मात्र त्यांनी घरीच आणलं. सासूबाईंची नजर दोन वर्षांपूर्वी पार गेली होती. त्यांना दुपारी बोलायला माणूस हवं होतं आणि बाईंना सवड नव्हती. एका दगडात दोन पक्षी. बाईंनी तिला घराची जादा किल्ली दिली आणि बजावलं, "शब्दाचा अर्थ विचारत बसू नकोस. मी बोलते तसं आईंशी बोल. सूर उचल. खुशाल माझी नक्कल कर."

तिने केली. आधी बाईंचे शब्द आले. मग बोलताबोलता घसा खाकरायची त्यांची सवय आली. मग त्यांचं हसू आलं. बाईंना कोण कौतुक. वर्गात तिला उभं करून म्हणायच्या, बघा, याला म्हणतात शिकणं. परवा जिन्यात शेजारीण म्हणाली, "काय खिदळत होता हो दुपारी सासू-सुना. भिंतीपलीकडे ऐकूनसुद्धा बरं वाटलं." त्या दुपारी बाई बाजारात वर्ग घेत होत्या. रविवारी नवऱ्याचा फोन आला. तो परगावी नोकरीला. "गुरुवारी दुपारी घरच्या फोनवर किती दिवसांनी मनमोकळी बोललीस," तो म्हणाला. गुरुवारी बाईंनी फोन घेतलाच नव्हता. पण हातात दुसऱ्या दिवशीच्या धड्याची यादी होती, म्हणून त्या नुसतं हं म्हणाल्या.

आता त्यांनी दारावर थाप मारली. शेजारणीच्या दाराला कुलूप होतं.

"आई, ती मी नाही. ती माझ्याकडे शिकायला येते. तिला बाहेर काढा."

"तू माझी सून आहेस म्हणतेस ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग सांग, गेले आठ दिवस मी तुला रोज एकच गोष्ट सांगतेय. कोणती?"

बाई आठवू लागल्या. सकाळी त्या चपला घालत असताना आई काहीतरी म्हणाल्या होत्या. काल रात्री ताट उचलतानाही म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा बाईंनी हो हो केलं होतं. काय बरं ते?

"गुडघ्याचं," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखतोय तुमचा."

आतला आवाज हळू बोलला. "दुपारी डोळा लागला की तुम्हाला वाटतं, आपण मेलो. आणि संध्याकाळपर्यंत कोणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून तर मी तुमचा हात धरून बसते."

हे आपल्याला आठ दिवस सांगितलं जात होतं आणि आपण ऐकलं नाही, याची बाईंना लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. आपलं घर, आपली माणसं, आपला आवाज, सगळं त्या कडीच्या पलीकडे होतं आणि आपण पायपुसण्यावर उभ्या होतो.

"आई, ती फसवतेय तुम्हाला," त्या रडत म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नाही ना, त्याचा फायदा घेतेय. मी खरी आहे. देवाशप्पथ, मी खरी आहे."

आत काठी टेकत कोणीतरी दारापर्यंत आलं. बाईंनी डोळे पुसले आणि पिशवी उचलून कडी निघायची वाट पाहिली. कडी निघाली नाही. सासूबाईंनी फटीला तोंड लावलं आणि इस्त्रीवालीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या म्हणाल्या, "डोळे गेलेत गं माझे, कान नाही गेले. खरी तूच, ते मला पहिल्या हाकेलाच कळलं. पण राहू दे तीच."