चार बोटं मोकळी

"मावताय की सगळे!" खोली मोजायला आलेले मापणीसाहेब दारातूनच म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल काढली.

खोली एक, माणसं सात. ती, तिचा नवरा, तिची सासू, तिची आई, जुळ्या मुली आणि तीन महिन्यांचं बाळ. भर दुपार. पहाटेची पाळी करून आलेला नवरा ताट हातात घेऊन बसायला जागा शोधत होता. सासू दुपटी वाळत घालत होती. एकाच्या कोपराखालून दुसरा जात होता, दुसऱ्याच्या पायांमधून तिसरी.

"विहीणबाई, जरा सरका."

"कुठं सरकू? भिंतीत?"

"बघा," साहेब म्हणाले, "मीसुद्धा टेप घेऊन फिरून आलो. कुठं अडलो नाही. म्हणजे जागा उरतेय." तिनं केलेल्या दोन खोल्यांच्या अर्जावर त्यांनी 'मावतात' असं लिहायला घेतलं.

तीन महिने तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गेल्या आठवड्यात बर्फाच्या कारखान्यात साचा भरताना तिला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि पाणी मुकादमाच्या बुटांत गेलं. "बाई, पुन्हा पेंगलीस तर घरीच झोप," तो म्हणाला होता. दुसरी खोली तिला कपाटासाठी नको होती, पाहुण्यांसाठी तर मुळीच नको होती. नुसती झोपायला हवी होती.

"साहेब," ती म्हणाली, "साचा काठोकाठ भरतात का हो?"

साहेबांनी खोल्या मोजण्याआधी वीस वर्षं त्याच कारखान्यात साचे मोजले होते. "छे! वर चार बोटं मोकळी ठेवायची. नाहीतर फुटतो."

"मग आम्हाला वाहते असताना का मोजताय? गोठल्यावर, म्हणजे झोपल्यावर मोजा."

साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून वाचलं, मागून वाचलं. वाहत्या कुटुंबाबद्दल त्यात काही नव्हतं, गोठलेल्याबद्दलही नव्हतं. ते स्टुलावर बसले.

तिनं पडदा ओढला. भांडी मोरीत गेली. गलका उतरला. तसे सगळे एकमेकांजवळ सरकले. मुली आज्यांना बिलगल्या, विहिणी खांद्याला खांदा लावून बसल्या, नवऱ्यानं पाय पोटाशी घेतले. निम्मी खोली मोकळी झाली.

"अहो, ही तर आणखी जागा झाली!" साहेबांची पेन्सिल पुन्हा कागदावर टेकली.

तिनं कागदावर हात ठेवला. "थांबा. पाणीसुद्धा आधी आकसतंच. खरी गंमत शेवटच्या चार अंशांत असते."

मग जांभया सुरू झाल्या.

या घराला एक खोड होती. धाकट्या जुळीला सासूचा हात धरल्याशिवाय झोप यायची नाही, थोरलीला दुसऱ्या आजीचा. सासूला लेकाचं मनगट लागायचं, आईला लेकीचं. आणि बाळाला कुणीच खेटलेलं चालायचं नाही. ते मधोमध, बाकीचे हातभर लांब. जागेपणी कुणाचा हात कुणाच्या हातात टिकत नव्हता, म्हणून सगळे दाटीवाटीनं मावत होते. आता जो तो हात धरू लागला, आणि हात धरायचा म्हणजे आधी तो लांब करायचा. कोपरं ताठ झाली. गुडघे ठरल्या कोनात वळले. सासूचे पाय मोरीत पोचले.

"पाण्याचंही असंच असतं," आडवी होत ती कुजबुजली. "आमच्या कारखान्यातल्या इंजिनियरकाकांनी सांगितलंय. ऊब असते तोवर कणांची नुसती पळापळ. धरलेला हात लगेच सुटतो, मग खेटून मावतात. गार होत गेलं की एकेक कण चार-चार शेजाऱ्यांना हात देऊन थांबतो. धरायचं, पण खेटायचं नाही. मधे पोकळी राहते. म्हणून फुगतं."

नवऱ्याची टाच स्टुलाला लागली. स्टूल साहेबांसकट करकरत उंबऱ्यापर्यंत गेलं. थोरलीनं कूस बदलली तसे स्टुलाचे दोन पाय बाहेर गेले. दाराची चौकट कण्हली.

साहेबांनी मान लांब केली. "पण बाई, मधे केवढी जागा रिकामी आहे! तिथं दोघं आरामात मावतील."

आणि ते चवड्यांवर, सहा जणांचे गुडघे ओलांडत, मोजायला आत शिरले. बाळाजवळ वाकून त्यांनी टेपचं टोक जमिनीला लावलं. बाळानं झोपेतच त्यांचं बोट मुठीत धरलं. साहेब श्वास रोखून तसेच राहिले. तेवढ्यात सासूनं डोळे न उघडता, लेकाचाच समजून, त्यांचा दुसरा हात ओढून घेतला.

"झोप रे सोन्या."

साहेबांना गेल्या पन्नास वर्षांत कुणी सोन्या म्हणालं नव्हतं. ते हळूच आडवे झाले. त्यांचेही पाय पसरले, आणि स्टूल पायरीवरून खाली गेलं.

"बाई," बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, "नाही हो मावत तुम्ही. दोन खोल्या मंजूर."

तिनं खाडकन डोळे उघडले. "मग करा ना सही!"

"कशी करू? दोन्ही हात अडकलेत. बाळाची मूठ तेवढी सोडवा."

अर्ज वीतभर अंतरावर होता. मूठ केवढीशी, एकेक बोट उलगडलं असतं तर झालं असतं. तिनं हात पुढे केला. बाळाचे ओठ झोपेत चोखल्यासारखे हलत होते. खोलीत साहेबांसकट सातही जणांचे श्वास एका लयीत लागले होते, आणि आठवी तेवढी ती राहिली होती. तिचा हात तसाच खाली आला.

"हलू नका साहेब," ती डोळे मिटत म्हणाली. "अर्धवट गोठलेला साचा कुणी हलवतं का?"