विजेची वर्दी

नेवाशाच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या शांतवनने सहादेवला वीज आल्याची वर्दी देणारी पेटी करून दिली. वीज आली की पेटीतला बारका दिवा लागायचा, वरचा रंग खरवडल्यामुळे समोरच्या ट्रान्झिस्टर नावाच्या इवल्या भागाला तो उजेड दिसायचा आणि सेलवरची घंटा वाजायची. दिवा आणि घंटा यांच्यात तारच नव्हती, त्यामुळे घंटेला ओला हात लागला तरी झटका बसायची भीती नव्हती. घंटा ऐकली की सहादेवने विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची.

आठवड्यातच सहादेव दुकानात आला. "शांतवनभाऊ, पेटी खोटं बोलती. रोज दिवेलागणीला वाजती. पळत विहिरीवर जावं, तर वीज न्हाईच!"

संध्याकाळी शांतवन त्याच्या घरी गेला. पेटी देवांशेजारी मांडलेली. सहादेवच्या बायकोने, गोजरबाईने, झाकण उघडून पेटीला हळदकुंकू लावलं आणि देवांबरोबर पेटीलाही निरांजन ओवाळलं. पेटी खणखणली. हातातली देवाची घंटा तिथंच टाकून सहादेव विहिरीकडे पळाला.

शांतवनला हसू आवरेना. "वहिनी, तिला निरांजन दाखवू नका. कसलाही उजेड दिसला की ती वाजते."

"दाखवू नगं कसं?" गोजरबाई म्हणाली. "मग आरतीला घंटा कोन वाजवनार? हे तर रोज ऐन आरतीला विहिरीवर पळत्यात!"