पेटीतला भात

भात झाला होता, त्यात शंका नव्हती. सरोजाने काळ्या डब्याचं झाकण उचललं, वाफ वर आली, आणि राजमक्कांनी एक शीत दोन बोटांत चेपून पाहिलं. ना जाळ, ना धूर. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या पेटीत साडेअकराला भात तयार. डाळीला अजून तासभर हवा होता, म्हणून सरोजाने पेटीची काच लगेच लावली आणि तिच्या झाकणातला आरसा पुन्हा सूर्याकडे वळवला.

आता कावळ्याने खाल्लं की झालं.

राजमक्कांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर मूठभर भात घेतला, वर तूप सोडलं, पान कठड्यावर ठेवलं आणि हाक दिली, "का, का." पहिला घास कावळ्याचा, मग घरच्यांचा. कावळ्याच्या रूपाने गेलेलं माणूस जेवून जातं, असं सगळी गल्ली मानते. राजमक्कांचे यजमान कृष्णस्वामी जाऊन सहा महिने झाले होते, आणि या सहा महिन्यांत कावळा एक दिवस चुकला नव्हता.

आज तो समोरच्या नारळावर बसून राहिला. दोनदा उडाला, कठड्यापासून हातभर अंतरावर आला आणि वळून परत गेला.

ही सूर्यचूल लोकांना शिकवायला सरकारी योजनेने सरोजाला नेमलं होतं. राजवाड्यामागच्या या गल्लीत चार महिने ती दारोदार फिरली. लाकडाच्या धुराने डोळ्यांचं काय होतं ते तिने सांगितलं, गॅसचा नंबर लागायला किती वर्षं जातात ते सांगितलं, आपल्याकडे देवाने ऊन तर भरभरून दिलंय हेही सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, कॉफी पाजली आणि दार लावून घेतलं. गेल्या वर्षी केबलची तार आली तेव्हा मात्र याच लोकांना एक शंका सुचली नव्हती. शेवटी एकट्या राजमक्का म्हणाल्या, आठ दिवस ठेवून पाहते. आज पहिला दिवस, आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर वाळवण राखायच्या निमित्ताने निम्मी गल्ली उभी होती. इथून पेटी परत गेली असती, तर दुसऱ्या कुठल्याही गच्चीवर ती चढली नसती.

"राजम," समोरच्या गच्चीवरून निवृत्त पोस्टमास्तर हनुमंतराव ओरडले, "त्याला तें चालत नाहीं बघ. चुलीवरचं वाढ."

राजमक्कांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा हाक दिली. तिसऱ्यांदाही दिली.

"सरोजा, त्यांचं मन नाहीं गं यांत," त्या म्हणाल्या. "मी खालीं जाऊन चूल पेटवतें. ही पेटी तूं घेऊन जा."

"थोडं थांबा अक्का."

सरोजा पानापाशी जाऊन उभी राहिली आणि मागे वळून पाहिलं, तर तिचेच डोळे दिपले. आरशावरून परतलेलं ऊन पेटीच्या कडेवरून निसटून थेट कठड्यावर येत होतं. माणसाला सोसवेना, तिथे पाखराची काय कथा. तिला हसू आलं आणि जीव भांड्यात पडला.

गुपचूप आरसा मिटला असता तर काम फत्ते होतं. कावळा आला असता, कृष्णस्वामींना पेटीतलं अन्न पसंत पडलं अशी बातमी तिन्हीसांजेपर्यंत गल्लीभर झाली असती, आणि आठवड्याभरात दहा पेट्या लागल्या असत्या. तिचा हात आरशापर्यंत गेलाही. पण चार महिने 'असं कां होतं' हेच शिकवत फिरलेल्या बाईला ते जमेना.

"अक्का, हा उजेडाला भितो आहे. मी आरसा मिटतें, मग येईल. अन्नाचं कांहीं नाहीं."

तिने आरसा मिटला. राजमक्कांनी श्वास घ्यायच्या आत कावळा कठड्यावर होता, आणि तुपाच्या बाजूने भात टिपू लागला.

हनुमंतराव मोठ्याने हसले. "घ्या. म्हणजे आरशाला भ्यालेलं पाखरू तें. आपण आपले पितर म्हणून बसलों."

दोन गच्च्यांवर माणसं खुदखुदली. सरोजाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पेटीची अब्रू वाचवायला गेली, आणि या बाईचं दुपारचं माणूसच हिरावून बसली. खरं बोलल्याचं इतकं वाईट तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

कावळ्याने पान स्वच्छ करेपर्यंत राजमक्का हात जोडून उभ्या राहिल्या. तो उडाल्यावर त्यांनी पान उचललं, कठडा पुसला आणि पेटीपाशी आल्या.

"आरसा उघड. डाळ कच्ची राहील."

"अक्का, मी तसं म्हणायला नको होतं."

"कां? बरोबर बोललीस तूं." राजमक्कांनी पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "उद्यांपासून पान तिकडं सावलींत वाढतें. डोळ्यांवर ऊन आलं कीं भरल्या ताटावरून उठायचे ते. खिडकी लावली कीं मुकाट्यानं परत येऊन बसायचे. सहा महिन्यांत मीच विसरलें बघ."