गुरूच्या चंद्रावरचा चहा

गेममधल्या शत्रुसैनिकांनी माणसांसारखं वागावं म्हणून त्यांना ऑफिसच्या कॅमेऱ्यातून टीमकडे बघत शिकू दिलं होतं. आता चार वाजले की गुरूच्या चंद्रावरच्या लेव्हलमधले सैनिक बंदुका दाराशी ठेवून चहाला जमत. खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा टीमप्रमुख मंजिरी हेडसेट चढवून, बंदूक रोखून स्वतः आत शिरली.

टेबलावर एक कप जास्त होता. चहा कुणीच घेत नव्हतं.

“हा कुणाचा रे?” तिने विचारलं.

“बागवेंचा,” ऑफिसात तिच्या शेजारी बसून पडद्यावर हे बघणारा सलील म्हणाला. “ते आल्याशिवाय आपण तरी कुठे प्यायचो? ते वारले, हे यांना कुणी सांगितलंच नाही.”

सैनिकांनी दाराकडे पाहिलं.

“या बागवे, चहा निवतोय,” त्यांच्यातला एक म्हणाला.

मंजिरीने आपली बंदूक त्यांच्या बंदुकांशेजारी ठेवली.