नववा महिना

"खाली उतर," चौकीवरच्या बंदूकवाल्याने दरडावलं. पलवशा पोटाला हात लावून रिक्षातून कशीबशी उतरली.

परदेशी मदतीवर चालणारी तिची मुलींची शाळा नव्या राजवटीने बंद पाडली होती. त्याच मदतीतून चालणाऱ्या प्रसूतिगृहाला मात्र अजून मुभा होती. म्हणून पुस्तकं आता औषधांच्या खोक्यांतून तिथे येत, आणि ही बिनलग्नाची मास्तरीण ती बुरख्याआड पोटाला बांधून गावात नेई. परक्या बाईची झडती घ्यायची नाही, या रिवाजाचाच काय तो आधार.

"कितवा महिना?"

"नववा."

तो तिच्या पोटाकडे बघतच राहिला. तेवढ्यात तंबूतून दुसरा पहारेकरी बाहेर आला.

"मी तीन पोरींचा बाप आहे," पहिला हलकेच म्हणाला. "नवव्या महिन्यात पोट असं छातीला भिडलेलं नसतं. खाली उतरलेलं असतं."

तिने दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं.

"जाऊ दे, अवघडलेली बाई आहे!" तो मागे वळून ओरडला. मग पुटपुटला, "पुढच्या खेपेला खाली बांध. आणि तिसरीचं गणित आण. थोरली पाढे विसरायला लागलीय."