एकाच कॉम्प्युटरचा प्लेअर

“धारच्या कॉम्प्युटरला जोडलास तर सगळं पुसलं जाईल, दादा,” माधवी म्हणाली. गाणी ऐकायचा छोटा प्लेअर तिनं मुठीत घट्ट धरला होता. “हा एकाच कॉम्प्युटरला मानतो. दुसऱ्याकडे गेला की पहिल्याचं काही ठेवत नाही.”

“पतिव्रता आहे,” दत्ताजी खाटेवरून म्हणाले.

बहीणभावांपैकी कुणी हसलं नाही.

खुब्याचं हाड मोडल्यापासून दत्ताजी देवासला मुलीकडे, माधवीकडे, पडून होते. त्यांची बायको जयवंतीबाई इलाजासाठी धारला, मुलाकडे, वीरेंद्रकडे. फोनवरचं दत्ताजींना ऐकू येत नसे. हेडफोनमधलं मात्र स्वच्छ येई. म्हणून बाई दर रविवारी वीरेंद्रच्या मोबाइलमध्ये बोलत आणि माधवी ते आपल्या कॉम्प्युटरवरून प्लेअरमध्ये भरी. सुरुवात ठरलेली: “अहो, ऐकलंत का?” मग खोकला. मग औषधांवरून खरडपट्टी. पन्नास वर्षांत बाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या बाबूनं विचारलं, तेव्हासुद्धा शेजारणीला पुढं केलं होतं.

गेले तीन रविवार नवं काही आलं नव्हतं.

“पुसणार नाही,” वीरेंद्र म्हणाला. “आधी आईच्या सगळ्या जुन्या रेकॉर्डिंग उतरवून घेतो. आरत्या, लोणच्याची कृती, सगळं. आवाज जेवढा जास्त, तेवढा कॉम्प्युटर तो नीट शिकतो.”

“जुन्या कशाला रे?” दत्ताजींनी विचारलं.

“आईला ऐकायच्यात.”

“स्वतःचीच बडबड? पन्नास वर्षं मला ऐकवली, ती कमी पडली?”

“आई बिलकुल ठीक आहे, बाबा. टेंशन घेऊ नका.”

“ठीक आहे तर तीन रविवार गप्प कशी? तिला जमायचं नाही ते.” दत्ताजींनी मुलाकडं निरखून पाहिलं. “आणि घरात टोपी कसली, भिया? या गर्मीत डोकं शिजेल.”

वीरेंद्रनं टोपी आणखी खाली ओढली.

माधवीनं प्लेअर त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. आत बराच वेळ नळ चालू होता.

पुढच्या रविवारी वीरेंद्र परत आला. टोपी होतीच.

“जुनं सगळं शाबूत आहे, बाबा. शिवाय एक नवी.”

त्यानं स्वतः वडिलांच्या कानांवर हेडफोन चढवला. माधवी दारातच थांबली, तोंड भिंतीकडं करून.

दत्ताजींनी डोळे मिटले. खोकल्याची वाट पाहिली. खोकला आला नाही. आवाज मात्र तोच, तसूभरही फरक नाही.

“दत्ताजी,” जयवंतीबाई म्हणाल्या, “मी बिलकुल ठीक आहे. टेंशन घेऊ नका.”