हॉलपर्यंतची वायर

भिंतीला भोक पाडून झालं, तसा इंटरनेटवाला स्टुलावरून खाली उतरला.

"मॅडम, हॉलपर्यंतची वायर कनेक्शनच्या पैशांत येते. वर तुमच्या खोलीत न्यायची, तर पुढच्या वायरचे वेगळे पडतील."

धाकटीनं पाकीट उघडलं नि मिटलं. कनेक्शनचे पैसे तिनेच भरले होते. भिंतीचं प्लास्टर उडालं त्याचा खर्चही तिच्याच माथी आला होता, कारण खालचं घर मोठ्या जाऊबाईंचं. धाकटी विधवा, वरच्या एका खोलीत राहणारी. आज दुपारी तिची नोकरीची चाचणी होती: घरी बसून कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. मधेच इंटरनेट गेलं की नोकरीही गेली.

"अगं, कशाला खड्ड्यात घालतेस पैसे?" मोठी आतून हात पुसत आली. आज आवाजात नुसता मध. "वायफायचा डबा इथंच बसव, टीव्हीच्या मागं. वर रेंज येते की! आपण काय परके आहोत?"

"वर घेतलेलं बरं पडेल, मॅडम," इंटरनेटवाला हळूच म्हणाला. मोठीनं असं काही बघितलं त्याच्याकडे, की तो मुकाट्यानं टीव्हीच्या मागं वाकला.

धाकटीला भरूनच आलं. इतक्या वर्षांत जाऊबाई पहिल्यांदा आपलं म्हणाल्या होत्या. बिचारीनं त्यांच्या पाया पडायचंच तेवढं ठेवलं.

डबा लागला. पासवर्ड आधी मोठीनं घेतला, मग तिच्या नवऱ्यानं, मग दोन्ही पोरींनी. रेंज मात्र वरपर्यंत खरंच छान येत होती.

दुपारी धाकटी कानाला हेडफोन लावून बसली. कंपनीची बाई चांगली होती. "छान बोलता हो तुम्ही," म्हणाली. धाकटी हसली, आणि समोर पडद्यावरचा बाईंचा चेहरा अर्धं तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजला.

ती धावत खाली आली. मोठी टीव्हीजवळ उभी होती, बोट बटणावर.

"जाऊबाई, अहो, बंद झालं!"

"झालं नाही. मी केलं."

"माझी चाचणी चाललीय! बाई ताटकळलीय तिकडे!"

"मग लवकर ऐक. वायर तुझी, डबा तुझा. वीज आमची आहे." मोठी अगदी शांत होती, भाजीवालीशी बोलावं तशी. "सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत आणि हगणंमुतणं मी एकटीनं काढतेय. आता घरीच असणार ना तू? आजपासून त्यांचं सगळं तू करायचं. रात्रीचं उठणंसुद्धा. करशील तेवढे दिवस हे चालू राहील."

"करते. सगळं करते. पण आत्ता लावा हो, पाया पडते तुमच्या!"

"आधी जा. अंथरूण ओलं झालंय त्यांचं."

धाकटीनं मोठीच्या बोटाकडे बघितलं. बोट हललं नाही. ती आतल्या खोलीत पळाली. एका हातानं म्हातारीला कुशीवर वळवलं, दुसऱ्यानं चादर ओढली. चादरीच्या कोपऱ्याला मारलेली गाठ सुटेना. वर फोन वाजत होता, वाजून वाजून थांबला.

म्हातारीनं तिचं मनगट धरलं. बोळक्या तोंडभर हसली.

"आलीस होय गं? मोठी परवाच म्हणाली होती, डबा बसू दे, मग धाकटी येईल तुमचं करायला."